विद्युत व चुंबकीय क्षेत्रांवरील प्राथमिक उदाहरणे

विद्युत व चुंबकीय क्षेत्रांवरील प्राथमिक उदाहरणे म्हणजे स्थिर किंवा गतिमान विद्युतप्रभारांमुळे अवकाशात निर्माण होणारे क्षेत्र, त्या क्षेत्रात ठेवलेल्या प्रभारावर अथवा धारावाही तारेवर लागणारे बल आणि त्या बलामुळे होणारी गती यांचे परिमाण व दिशा काढावयाचे अभ्यासप्रश्न होत. उच्च माध्यमिक भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात या प्रश्नांचा वाटा मोठा आहे. विद्यार्थी त्यांना सर्रास ‘गणिते’ किंवा ‘न्यूमेरिकल्स’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ‘उदाहरणे’ हा शब्द रूढ आहे.

या प्रकारची उदाहरणे सामान्यतः काल्पनिक प्रभार, अनंत लांबीची तार अशा आदर्श वस्तूंवर बेतलेली असतात. मात्र मुंबई उपनगरांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गांवरील विद्युत तार हे याच नियमांचे उघड्यावरचे रूप आहे. पुढील विवेचनातील बरीच उदाहरणे त्या तारेवर आधारलेली आहेत.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात स्थिरविद्युतिकीची ओळख अकरावीत होते. बारावीत स्थिरविद्युतिकी, विद्युतधारेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन ही स्वतंत्र प्रकरणे आहेत. धारेचे चुंबकीय परिणाम, उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आणि फ्लेमिंगचे नियम यांचा परिचय मात्र दहावीतच झालेला असतो. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत गणकयंत्र वापरण्यास परवानगी नसते, लॉग टेबल चालते. त्यामुळे घातांक नीट मांडणे हे कौशल्य येथे प्रत्यक्ष गुणांशी निगडित आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न बहुपर्यायी असतात आणि तेथे मांडणीला गुण नसतात. एकाच अभ्यासक्रमावरील या दोन परीक्षा विद्यार्थ्याकडून दोन निराळ्या सवयी मागतात.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक अडचण येते. अकरावीपासून विज्ञानशाखेचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. ‘विभवांतर’, ‘परिपथ’, ‘नालकुंतल’ हे शब्द दहावीपर्यंत आत्मसात केलेले असतात आणि नेमक्या कठीण वळणावर ते सोडून द्यावे लागतात. उदाहरण चुकते ते अनेकदा भौतिकशास्त्रामुळे नव्हे, तर प्रश्नातील वाक्य न उलगडल्यामुळे.

परिभाषा

विद्युत क्षेत्र म्हणजे एकक धन प्रभारावर लागणारे बल. त्याचे एकक न्यूटन प्रति कूलोम किंवा व्होल्ट प्रति मीटर. चुंबकीय क्षेत्राचे एकक टेस्ला. ते व्यवहारात फार मोठे पडते, म्हणून मायक्रोटेस्ला (दशलक्षांश) व नॅनोटेस्ला (अब्जांश) वापरतात. दोन्ही क्षेत्रे सदिश राशी आहेत, तर विद्युत विभव ही अदिश राशी आहे. या एका फरकावर निम्मी उदाहरणे उभी असतात.

मराठीत ‘चार्ज’साठी ‘प्रभार’ हा शब्द घेतला गेला, त्यामागे कारण आहे. जुन्या लेखनात आढळणारा ‘भार’ हा शब्द वजन आणि विद्युत वापर या दोन्ही अर्थांनी चालतो. तारेवरील ‘भार’ म्हटल्यास वजन, प्रभार की वीजमागणी हे कळत नाही. ‘धारा’ हा शब्द मात्र ‘प्रवाह’ या बोलीतील शब्दाबरोबरच नांदतो आणि त्यामुळे फारसा घोटाळा होत नाही.

उदाहरण सोडविण्याची पद्धत

पहिली पायरी आकृतीची. प्रभारांची स्थाने, त्यांची चिन्हे, ज्या बिंदूवर क्षेत्र काढायचे तो बिंदू आणि तेथे प्रत्येक प्रभारामुळे येणारी क्षेत्राची दिशा बाणांनी दाखविल्याखेरीज सूत्राकडे वळू नये. बाण काढण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: या बिंदूवर एक लहान धन प्रभार ठेवला तर तो कोणीकडे ढकलला जाईल?

दिशा आकृतीतून ठरली की सूत्रात प्रभाराचे केवळ परिमाण घालावे. ऋण चिन्ह सूत्रातही ठेवले आणि बाणही उलटा केला, तर तेच चिन्ह दोनदा मोजले जाते. विभवाच्या सूत्रात मात्र चिन्ह घालावेच लागते, कारण तेथे दिशा दाखविण्यासाठी दुसरी सोय नाही.

त्यानंतर एकके. सेंटीमीटर, मायक्रोकूलोम, मिलीअँपिअर ही एकके मूळ एककांत आणूनच गणित करावे, किंवा सूत्रच सोयीच्या एककांत बसवून घ्यावे. बिंदुप्रभाराचे क्षेत्र काढताना प्रभार मायक्रोकूलोममध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतल्यास

क्षेत्र = ९,००० × प्रभार ÷ अंतराचा वर्ग (व्होल्ट प्रति मीटर)

असे सोपे रूप मिळते. त्याचप्रमाणे लांब सरळ तारेच्या चुंबकीय क्षेत्रासाठी

क्षेत्र = ०.२ × धारा (अँपिअर) ÷ अंतर (मीटर) (मायक्रोटेस्ला)

हे रूप लक्षात ठेवण्यास सुलभ आहे. यात नवीन काही नाही. निर्वात अवकाशाचे स्थिरांक आणि दहाचे घात आधीच गुणून घेतले आहेत इतकेच.

शेवटी उत्तराची परीक्षा. अंतर फार वाढविले तर उत्तर शून्याकडे जाते का, दोन्ही प्रभार समान केले तर उत्तर सममित होते का, आलेला आकडा शक्य कोटीतला आहे का, हे तीन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते.

दोन प्रभारांचे उदाहरण

समजा +९ मायक्रोकूलोम आणि +४ मायक्रोकूलोम हे प्रभार एकमेकांपासून ५० सेंटीमीटर अंतरावर आहेत. क्षेत्र कोठे शून्य होईल?

दोन्ही प्रभार धन असल्यामुळे त्यांच्या दरम्यान बाण परस्परविरुद्ध, तर बाहेर एकाच दिशेचे असतात. म्हणून शून्य बिंदू दोघांच्या मध्येच असू शकतो. मोठ्या प्रभारापासूनचे अंतर ‘क्ष’ मानल्यास ९ ÷ क्ष² = ४ ÷ (०.५ − क्ष)². दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतल्यास ३ × (०.५ − क्ष) = २ × क्ष, म्हणजे क्ष = ०.३ मीटर. पडताळा: पहिल्याचे क्षेत्र ९,००० × ९ ÷ ०.०९ = ९ लाख व्होल्ट प्रति मीटर, दुसऱ्याचे ९,००० × ४ ÷ ०.०४ = ९ लाख. दोन्ही समान आणि विरुद्ध.

आता दुसरा प्रभार −४ केला की चित्र पालटते. दोघांच्या दरम्यान दोन्ही बाण एकाच दिशेचे होतात, म्हणून तेथे क्षेत्र शून्य होणे अशक्य. शून्य बिंदू बाहेर, आणि तोही लहान प्रभाराच्या बाजूला असला पाहिजे. मोठ्या प्रभाराच्या बाजूला दुबळा प्रभार अधिक दूर असल्यामुळे तो बरोबरी करू शकत नाही. ३ × (क्ष − ०.५) = २ × क्ष या समीकरणातून क्ष = १.५ मीटर येते.

याच मांडणीत विभव कोठे शून्य होते हे पाहणे उद्बोधक ठरते. ९ ÷ क्ष = ४ ÷ (०.५ − क्ष) यावरून दोघांच्या दरम्यान, मोठ्या प्रभारापासून सुमारे ३४.६ सेंटीमीटरवर विभव शून्य आहे. (बाहेरच्या बाजूला ९० सेंटीमीटरवरही ते शून्य आहे.) परंतु त्या मधल्या बिंदूवर पहिल्या प्रभाराचे क्षेत्र सुमारे ६.८ लाख आणि दुसऱ्याचे सुमारे १५.२ लाख व्होल्ट प्रति मीटर असून ते एकाच दिशेचे आहेत. एकूण क्षेत्र सुमारे २२ लाख. विभव शून्य म्हणजे क्षेत्र शून्य, हा समज इतका पसरलेला आहे की बहुपर्यायी प्रश्नांत तो चुकीचा पर्याय म्हणून आवर्जून दिलेला असतो.

उपनगरी रेल्वेची तार: विद्युत क्षेत्र

भारतातील पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली. तारेतील विभव १,५०० व्होल्ट, एकदिश धारेचे होते. पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण १९२८ मध्ये झाले. पुढे जवळजवळ शतकभर टिकलेली ही पद्धत टप्प्याटप्प्याने बदलून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारा आणण्यात आली. हे काम पश्चिम मार्गावर २०१२, मध्य मार्गावर २०१५ आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पूर्ण झाले. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही जून २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रोही २५,००० व्होल्टच्या तारेवरच चालते.

या बदलाचा जीवितसुरक्षेशी संबंध कसा येतो, हे एका साध्या उदाहरणातून दिसते. कोरडी हवा सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटर इतक्या क्षेत्रापर्यंत विसंवाहक राहते. त्यापलीकडे तिचे आयनीभवन होऊन ठिणगी पडते. एकसमान क्षेत्र गृहीत धरल्यास ठिणगीचे अंतर = विभवांतर ÷ ३० लाख. १,५०० व्होल्टसाठी हे अंतर अर्धा मिलिमीटर येते. म्हणजे व्यवहारात तारेला स्पर्श झाला तरच धक्का. स्पर्श झाल्यास तोही जीवघेणाच असतो. २५,००० व्होल्ट हे प्रत्यावर्ती विभवाचे परिणामी मूल्य असून त्याचे शिखर मूल्य सुमारे ३५,४०० व्होल्ट आहे. त्यावरून अंतर सुमारे १.२ सेंटीमीटर येते. येथे स्पर्शाची गरज उरलेली नाही.

उत्तर बरोबर आहे, पण ते सुरक्षित अंतर समजणे ही घातक चूक होईल. बोटाचे टोक, छत्रीची दांडी, ओली दोरी यांच्याभोवती क्षेत्र एकसमान नसते. टोकदार वाहकाजवळ ते फार तीव्र होते, हवेचे आयनीभवन तेथून सुरू होते आणि ठिणगी सूत्राने दिलेल्या अंतराहून बरीच लांब उडी घेते. आर्द्रता, धूळ, गाडीच्या हेलकाव्यांनी बदलणारे अंतर हे वेगळेच. भारतीय रेल्वेच्या नियमांत २५,००० व्होल्टच्या जिवंत भागापासून दोन मीटरच्या आत वीज बंद केल्याशिवाय काम करण्यास मनाई आहे. सव्वा सेंटीमीटर आणि दोन मीटर यांत दीडशे पटींहून अधिक फरक आहे, आणि तो आदर्श मांडणी व प्रत्यक्ष परिस्थिती यांतील फरक आहे. गाडीच्या टपावर चढणाऱ्या व्यक्तीचे डोके किंवा उंचावलेला हात तारेच्या या मर्यादेच्या आत सहज येतो.

फलाटावर किंवा रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला हे क्षेत्र जाणवत नाही, त्याचेही गणित करता येते. तारेची त्रिज्या ६ मिलिमीटर व जमिनीपासून उंची ५.५ मीटर मानली, आणि जमीन हा सपाट वाहक धरून प्रतिमा-प्रभाराची कल्पना वापरली, तर

तारेच्या पृष्ठभागावरील क्षेत्र = विभव ÷ [त्रिज्या × (२ × उंची ÷ त्रिज्या) या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिथम]

असे सूत्र मिळते. कंसातील संख्या सुमारे १,८३३ आणि तिचा नैसर्गिक लॉगॅरिथम सुमारे ७.५ आहे. त्यावरून पृष्ठभागावरील क्षेत्र सुमारे ५.५ लाख व्होल्ट प्रति मीटर येते; शिखर मूल्य घेतले तरी ते आठ लाखांच्या आत राहते, म्हणून तार स्वतःहून ठिणग्या टाकत नाही. तारेच्या अगदी खाली जमिनीवर क्षेत्र = २ × विभव ÷ (उंची × तोच लॉगॅरिथम), म्हणजे सुमारे १,२०० व्होल्ट प्रति मीटर. पृष्ठभागापासून जमिनीपर्यंत क्षेत्र साडेचारशे पटींहून अधिक घटते. वरची आधारतार, खांब आणि डब्याचे छत यांचा विचार येथे सोडून दिला आहे; प्रतिमा-प्रभाराची पद्धतही बारावीच्या कक्षेबाहेरची आहे. डब्याच्या आत तर धातूचे कवच जवळजवळ संपूर्ण क्षेत्र अडविते. पोकळ वाहकाच्या आत स्थिरविद्युत क्षेत्र शून्य असते, या प्रमेयाचा लक्षावधी प्रवासी रोज नकळत उपयोग करून घेतात.

तारेतील धारा: चुंबकीय क्षेत्र

डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये धारावाही तारेजवळ होकायंत्राची सुई विचलित होते हे दाखविले. हाच प्रयोग रेल्वेच्या प्रमाणात मांडता येतो.

समजा वेग घेत असलेली एक लोकल ३ मेगावॅट शक्ती खेचते. १,५०० व्होल्टवर त्यासाठी ३०,००,००० ÷ १,५०० = २,००० अँपिअर धारा लागते; २५,००० व्होल्टवर (शक्तिगुणक एक मानल्यास) केवळ १२० अँपिअर. तारेखाली ५ मीटरवर चुंबकीय क्षेत्र पहिल्या बाबतीत ०.२ × २,००० ÷ ५ = ८० मायक्रोटेस्ला, दुसऱ्या बाबतीत ४.८ मायक्रोटेस्ला.

मुंबई परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. अंधेरी–बोरिवली मार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो, म्हणून तारेखालील क्षेत्र पूर्व-पश्चिम दिशेचे, म्हणजे पृथ्वीच्या घटकाशी काटकोनात असते. सुईच्या विचलनकोनाची टॅन्जन्ट ८० ÷ ३८ = २.१, म्हणजे कोन सुमारे ६५ अंश. जुन्या पद्धतीत रुळांशेजारचे होकायंत्र गाडी सुटताना निरुपयोगी ठरले असते. नव्या पद्धतीत क्षेत्र लहान तर आहेच, शिवाय ते सेकंदाला ५० आवर्तने करते. सुईला तितक्या वेगाने वळता येत नाही आणि ती सरासरीनुसार स्थिर राहते.

धारा कमी केल्याचा खरा लाभ वहनातील ऊर्जाहानीत आहे. तारेचा रोध तोच मानल्यास हानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते: (१२० ÷ २,०००)² = ०.००३६, म्हणजे सुमारे पावणेतीनशेवा हिस्सा. विभव वाढविण्यामागचा हा मुख्य हिशोब. त्याची किंमत वर आलेल्या सव्वा सेंटीमीटरच्या रूपात द्यावी लागते.

कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळा

विजेच्या वाहतुकीचे चुंबकीय क्षेत्र हा मुंबईत केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. कुलाबा येथील वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाच्या वेळी क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटल्याची कुलाब्याची नोंद जगभरच्या संशोधनात आजही वापरली जाते. एवढे मोठे वादळ म्हणजेही मूळ क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपासचा बदल होता. रोजचा नियमित चढउतार तर काही दशक नॅनोटेस्ला इतकाच असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर नेण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे हाच हिशोब उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून चुंबकीय मापनाचे काम कुलाब्याहून सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागला हलविण्यात आले. तेथील इमारत अचुंबकीय साहित्याची बांधण्यात आली. १९०४ पासून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन मालिका जुळविली गेली, आणि विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावू लागली. दोन ठिकाणच्या मापनांची ही जुळणी झाल्यामुळे १८४१ पासूनची मालिका खंडित झाली नाही.

अंतर किती लागते याचा अंदाज पुढीलप्रमाणे येतो. एकट्या तारेचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते: २,००० अँपिअरसाठी १०० मीटरवर ते ४ मायक्रोटेस्ला, म्हणजे ४,००० नॅनोटेस्ला असेल. परंतु तारेतून गेलेली धारा रुळांतून परत येते. विरुद्ध दिशेच्या या दोन धारांचे क्षेत्र दूरवर एकमेकांना बरेचसे छेदते आणि उरलेले क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते:

क्षेत्र = ०.२ × धारा × (तार व रूळ यांतील अंतर) ÷ (बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग)

तार व रूळ यांत ५.५ मीटर अंतर घेतल्यास १०० मीटरवर हे ०.२२ मायक्रोटेस्ला, म्हणजे २२० नॅनोटेस्ला. एक किलोमीटरवर सुमारे २.२ नॅनोटेस्ला. पहिला आकडा रोजच्या नैसर्गिक चढउताराला पूर्णपणे झाकून टाकतो. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते, कारण परतीच्या धारेचा काही भाग रुळांतून निसटून जमिनीतून पसरतो आणि छेदनक्रिया अपुरी राहते. गाडी व तार यांच्या दरम्यानच्या उंचीवर, उदाहरणार्थ पादचारी पुलाच्या जिन्यावर, या दोन धारांची क्षेत्रे एकमेकांत मिळतात, छेदत नाहीत. ‘विरुद्ध धारा म्हणजे क्षेत्र शून्य’ हे पाठांतर तेथे उलटे पडते.

गतिमान प्रभार

चुंबकीय क्षेत्रातील गतिमान प्रभारावरील बल वेगाला आणि क्षेत्राला, दोन्हींना लंब असते. त्यामुळे ते प्रभाराची दिशा बदलते, चाल बदलत नाही. चुंबकीय बलाने केलेले कार्य शून्य असते. वेग क्षेत्राला लंब असल्यास मार्ग वर्तुळाकार आणि तिरपा असल्यास सर्पिल होतो.

समजा एक इलेक्ट्रॉन स्थिर अवस्थेपासून ९१ व्होल्ट विभवांतरातून त्वरित होऊन पृथ्वीच्या क्षेत्राला लंब दिशेने निघतो. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे वस्तुमानाशी गुणोत्तर १७,६०० कोटी कूलोम प्रति किलोग्रॅम आहे. वेगाचा वर्ग = २ × गुणोत्तर × विभवांतर, यावरून वेग सुमारे ५६.६ लाख मीटर प्रति सेकंद येतो. मुंबईत क्षितिजसमांतर घटक ३८ व ऊर्ध्व घटक सुमारे १९ मायक्रोटेस्ला धरल्यास एकूण क्षेत्र √(३८² + १९²) = ४२.५ मायक्रोटेस्ला. वर्तुळाची त्रिज्या = वेग ÷ (गुणोत्तर × क्षेत्र); छेद ७४.८ लाख येतो, म्हणून त्रिज्या ५६.६ ÷ ७४.८ = सुमारे ०.७६ मीटर. पाऊण मीटर त्रिज्येचे हे वर्तुळ प्रयोगशाळेत सहज मावते. पृथ्वीचे क्षेत्र दुर्बळ असले तरी इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने ते नगण्य नाही, हे या आकड्यावरून कळते.

दिशा ठरविताना इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण आहे हे विसरले जाते. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात मधले बोट धारेची दिशा दाखविते, म्हणून इलेक्ट्रॉनसाठी ते वेगाच्या उलट धरावे लागते.

प्रवर्तनाचे उदाहरण: धावत्या गाडीची आस

पश्चिम मार्गावरील गाडी उत्तरेकडे ताशी ९० किलोमीटर, म्हणजे २५ मीटर प्रति सेकंद वेगाने जात आहे. रुळांतील अंतर १.६७६ मीटर आणि क्षेत्राचा ऊर्ध्व घटक १९ मायक्रोटेस्ला आहे. चाकांच्या आसेच्या दोन टोकांत किती विभवांतर प्रवर्तित होईल?

विभवांतर = क्षेत्र × लांबी × वेग = ०.००००१९ × १.६७६ × २५ = सुमारे ०.०००८ व्होल्ट, म्हणजे ०.८ मिलिव्होल्ट. या उदाहरणात एकूण ४२.५ मायक्रोटेस्ला वापरणे ही ठरलेली चूक आहे. आस आणि वेग दोन्ही क्षितिजसमांतर असल्यामुळे केवळ ऊर्ध्व घटक उपयोगी पडतो. म्हणूनच मार्ग उत्तर-दक्षिण असो वा वर्सोवा–घाटकोपर मेट्रोसारखा पूर्व-पश्चिम, आसेच्या विभवांतराचे सूत्र बदलत नाही. मेट्रोसाठी फक्त रुळांतील अंतर १.४३५ मीटर घ्यावे लागते.

उत्तर गोलार्धात ऊर्ध्व घटक खाली जमिनीकडे असतो. गाडी उत्तरेकडे जात असताना धन प्रभार पश्चिमेकडे, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूस ढकलला जातो आणि आसेचे पश्चिमेकडील टोक अधिक विभवाचे होते. परतीच्या प्रवासात पूर्वेकडील टोक अधिक विभवाचे होईल, पण गाडीच्या दृष्टीने तेही डावेच.

ऑलिंपियाड आणि भाषा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले आणि १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्द येथे आहे. आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडसाठी भारतीय विद्यार्थ्यांची निवड व तयारी या केंद्रामार्फत होते. भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये भारत १९९८ पासून सहभागी असून जुलै २०१५ मध्ये ४६ वी आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच भरली होती. तेथील सैद्धांतिक परीक्षा पाच तासांची आणि ३० गुणांची असते; एकेका प्रश्नात आदर्श मांडणीपासून प्रत्यक्ष परिस्थितीपर्यंत पायरीपायरीने नेले जाते. प्रश्नपत्रिका सहभागी देशांचे मार्गदर्शक परीक्षेच्या आदल्या दिवशी भाषांतरित करतात, जेणेकरून विद्यार्थ्याला ती आपल्या भाषेत मिळावी.